ट्रकच्या प्लगवायरी बदलणं आणि लांबच्या प्रवासात स्पेअर बाळगणं

डिझेल ट्रकवाल्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच इंधन पेटतं. त्यात ग्लो प्लग असतात, पण त्यांचं काम थंड इंजिन सुरू करून देण्यापुरतं. पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीवरच्या ट्रकला मात्र स्पार्क प्लग असतात, आणि बऱ्याच इंजिनांत कॉइलपासून (बॅटरीचं व्होल्टेज वाढवणारा भाग) प्लगपर्यंत करंट नेणाऱ्या जाड रबरी वायरी असतात. त्यांतून २० ते ४० हजार व्होल्ट जातात. बॅटरी १२ व्होल्टची असते, हे लक्षात घेतलं म्हणजे या वायरींच्या वेष्टनावर किती भार असतो ते कळेल.

या वायरी स्वतः बदलणं अवघड नाही. थंड इंजिन, उजेड आणि थोडी सबुरी असली की दुपारभरात काम होतं. गोंधळ होतो तो दोन ठिकाणी: वायरी कुठून कशा न्यायच्या यात, आणि ‘स्पेअर आहे की गाडीत’ म्हणून ठेवलेली वायर गरजेच्या वेळी बसतच नाही यात.

आधी आपली रचना ओळखा

बॉनेट उघडल्यावर तीनपैकी एक चित्र दिसेल. जुन्या इंजिनांत डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग, असतो. त्याच्या प्लास्टिकच्या कॅपमधून प्रत्येक सिलिंडरकडे एक वायर जाते, आणि बहुतेकांत कॅपच्या मधोमध कॉइलकडून येणारी आणखी एक वायर असते. तिला कॉइल वायर म्हणतात. ही एक तुटली तर अख्खं इंजिन बंद पडतं, कारण सगळ्या ठिणग्यांचा करंट तिच्यातूनच येतो.

दुसऱ्या प्रकारात डिस्ट्रिब्युटर नसतो. कॉइल पॅक असतो आणि एक कॉइल दोन सिलिंडरना एकाच वेळी ठिणगी देते. चार सिलिंडरच्या इंजिनात सहसा १ आणि ४ ची एक जोडी, २ आणि ३ ची दुसरी. इथे एक वायर खराब झाली तर कधी कधी जोडीदार सिलिंडरही मिसिंग करतो (पेटायचं चुकवतो), म्हणून दोन्ही वायरी तपासायच्या. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक सिलिंडरची स्वतंत्र कॉइल जवळच बसवलेली असते आणि तिथून प्लगपर्यंत वीतभर वायर जाते. अनेक व्ही-८ पिकअप ट्रकमध्ये अशीच रचना असते. स्पेअरच्या दृष्टीने ही सगळ्यात सोयीची, कारण सगळ्या वायरी बहुधा एकाच मापाच्या असतात.

आणि वायरच दिसली नाही, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर थेट कॉइल बसलेली दिसली, तर बदलण्यासारखी वायर तुमच्या इंजिनात नाहीच. तिथे स्पेअर कॉइल बाळगायची.

वायर गेली हे कसं ओळखायचं

खराब वायर सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीत गप्प राहते आणि चढावर, भरलेल्या गाडीत तोंड उघडते. कारण सरळ आहे. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. वेष्टनाला कुठे बारीक चीर असेल तर करंटला प्लगपेक्षा शेजारचं लोखंड सोपं वाटतं. पावसाळी, दमट सकाळी हेच होतं. गॅसवर चालणाऱ्या इंजिनाला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून ‘पेट्रोलवर ठीक चालते, गॅसवर झटके देते’ अशी तक्रार असेल तर पहिला संशय प्लग आणि वायरींवर घ्यावा.

कोड वाचायचं यंत्र असेल तर पी०३०० म्हणजे सरसकट मिसफायर, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा, पी०३०२ म्हणजे दुसऱ्याचा, असं पुढे. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला असेल तर गाडी सावकाश नेता येते. तो उघडझाप करत असेल तर न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचं धूर शुद्ध करणारं यंत्र) जाऊन तो जाळतंय असं समजा आणि गाडी बाजूला घ्या.

घरी तपासायचं तर अंधारात बॉनेट उघडून इंजिन आयडलवर ठेवा आणि साध्या पाण्याचा अगदी बारीक फवारा वायरींवर मारा. जिथे करंट फुटत असेल तिथे निळसर ठिणग्या उड्या मारताना दिसतात, टकटक आवाजही येतो. फवारा बारीकच हवा. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पाणी ओतायचं नाही. हात आणि कपडे फॅनपासून, वायरींपासून लांब. पेसमेकर बसवलेल्या माणसाने चालू इग्निशनच्या जवळ जाऊच नये.

मल्टिमीटरने रेझिस्टन्सही बघता येतो. कार्बन कोअरच्या (कोअर म्हणजे करंट नेणारा आतला गाभा) वायरीचा रेझिस्टन्स मीटरमागे ढोबळमानाने १० ते ४० हजार ओहम असतो; गुंडाळलेल्या तारेच्या कोअरचा त्याहून बराच कमी. तुमच्या वायरीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. त्याहून उपयोगी सवय म्हणजे सगळ्या वायरी एकमेकींशी ताडून बघणं. लांब वायरीचा आकडा जास्त येणारच, पण जवळपास सारख्या लांबीच्या दोघींत दुप्पट-तिप्पट फरक असेल तर जिचा जास्त ती गेली. मोजताना वायर हलवा, टोकाशी थोडी वाकवा. आकडा उड्या मारायला लागला की आतला कोअर तुटलाय. एक मात्र ध्यानात ठेवा: मीटरला फक्त कोअर दिसतो, वेष्टनाची चीर दिसत नाही. मीटरवर उत्तीर्ण झालेली वायर फवाऱ्यात नापास होऊ शकते.

चालू इंजिनाची एकेक वायर उपसून ‘कुठला सिलिंडर मेलाय’ बघायची जुनी रीत अजून सर्रास चालते. ती सोडा. हाताला जबर झटका बसू शकतो, करंटला जायला वाट न मिळाल्याने कॉइल किंवा इग्निशन मोड्यूल जळू शकतं, आणि तेवढा वेळ कच्चं इंधन कन्व्हर्टरमध्ये जातं ते वेगळंच.

कोणत्या वायरी घ्यायच्या

तुमच्या इंजिनासाठीच बनवलेला पूर्ण सेट घ्या. कापून टोपी बसवायच्या वायरीही मिळतात, पण टोकाचं टर्मिनल नीट दाबून बसवायला खास पक्कड आणि सराव लागतो. सेट उघडल्यावर दोन्ही टोकं जुन्याशी जुळवून बघा. प्लगकडची रबरी टोपी सरळ, ४५ अंशात किंवा ९० अंशात वळलेली असते. डिस्ट्रिब्युटर कॅपकडे दोन तऱ्हा असतात: कुठे वायरीचं टोक कॅपच्या खळग्यात शिरतं, तर कुठे कॅपला प्लगसारखा उभा खांब असतो आणि टोपी त्याच्यावर बसते.

७ मिलिमीटर घ्यायची की ८, यावर फार डोकं शिणवू नका. जाड वायरीने ताकद वाढत नाही. वेष्टन थोडं जाड मिळतं इतकंच, आणि कधी कधी मूळ क्लिपांत ती मावत नाही. वेष्टन सिलिकॉनचं असेल तर उष्णता चांगली सोसतं. नुसत्या तांब्याच्या तारेची, रेझिस्टन्स नसलेली वायर मात्र ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) असलेल्या गाडीला लावू नका. तिच्यातून निघणारा रेडिओ गोंगाट सेन्सरच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ करतो.

प्लग झिजले असतील तर तेही याच वेळी बदला. झिजलेल्या प्लगची फट वाढते, वाढलेल्या फटीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि तो जास्तीचा ताण नव्या वायरीच्या वेष्टनावर येतो.

बदलण्याचं काम

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. वायरीची टोपी गरम असताना मऊ पडून फाटते, आणि ॲल्युमिनियम हेडमधून गरम प्लग काढायला गेलात तर आटे निघून येतात. किल्ली काढून खिशात ठेवा. आड येणारा एअर फिल्टरचा डबा किंवा प्लास्टिकचं कव्हर काढा. मग हात लावायच्या आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो घ्या: कॅपची बाजू, प्लगची बाजू, मधल्या क्लिपा.

यानंतरचा नियम एकच आणि तो मोडायचा नाही: एका वेळी एकच वायर. जुनी काढा, तिच्या लांबीची नवी शोधा, ती दोन्ही टोकांना बसवा, क्लिपांत अडकवा, आणि मगच दुसरीला हात लावा. सगळ्या उपसून ठेवल्या की फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, शोधत बसावं लागतं.

सुरुवात सगळ्यात लांब वायरीपासून करा, म्हणजे लांब्या जुळवताना चुकामूक होत नाही. प्लगभोवती साचलेली माती आधी हवा मारून किंवा ब्रशने काढा. प्लग काढणार असाल तर ही माती थेट सिलिंडरमध्ये पडते. वायर कधीच धरून ओढायची नाही. टोपीच धरायची आणि ओढण्यापूर्वी तिला डावी-उजवीकडे अर्धा वेढा पिळायची. वर्षानुवर्षं तापून रबर प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीला चिकटलेलं असतं. पिळताना बारीक ‘चट्’ आवाज येतो, तो ते सुटल्याचा. त्यानंतर सरळ रेषेत ओढा. तिरकं ओढलं तर चिनीमाती तडकू शकते. बोटं जिथे पोचत नाहीत तिथे टोपी काढायची खास वाकडी पक्कड मिळते, ती घ्यावी. साध्या पकडीने रबर चावलं जातं.

निघालेली टोपी उलटी करून आत बघा. आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ असेल तर करंट टोपीतून खाली उतरून हेडला पोचत होता. तशीच रेघ प्लगच्या चिनीमातीवर दिसली तर तो प्लगही बाद, कारण जुनी रेघ नव्या टोपीलाही तीच वाट दाखवते. टोपीत तेल सापडलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं किंवा प्लगच्या नळीचं सील गळतंय. ते न बदलता नवी वायर घातली तर तेलाने रबर पुन्हा फुगून सडणार.

नवा प्लग घालायचा तर आधी हाताने, एक्स्टेंशनला रॅचेट न लावता, शेवटपर्यंत फिरवून घ्या. आटे चुकले तर हाताला लगेच कळतं. वॉशरवाला १४ मिलिमीटरचा नवा प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धा वेढा आवळतात. वॉशर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग जेमतेम सोळावा भाग. टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलमधला आकडा घ्या.

टोपीच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर लावा. हे सिलिकॉन ग्रीस वीज वाहून नेत नाही. त्याचं काम ओल अडवायचं आणि रबर चिकटू न द्यायचं. म्हणून ते रबराला लावायचं, आतल्या धातूच्या टर्मिनलवर थापायचं नाही. टोपी प्लगवर दाबताना आत ‘टिक्’ होऊन बसली पाहिजे. टोपीत हवा कोंडली तर ती परत वर सरकते. कड किंचित उचलून हवा जाऊ द्या आणि पुन्हा दाबा. बसल्यावर हलकेच वर ओढून बघा, सहज आली तर बसलेली नव्हती. कॅपच्या बाजूलाही हीच खात्री करायची. नव्या वायरी घालून सुद्धा मिसिंग राहिलं तर दहापैकी बहुतेक वेळा एक टोक अर्धवट बसलेलं निघतं.

वायरी कुठून न्यायच्या

इथे घाई करू नका. वायर प्लगपर्यंत पोचली म्हणजे काम झालं असं नाही. ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून सुटी हवी, कुठल्याही धारदार कडेवर घासायला नको, ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये किंवा पट्ट्याजवळ लोंबायला नको. इंजिन आपल्या माउंटिंगवर हलतं, म्हणून बॉडीकडे जाणाऱ्या वायरीला थोडी ढील हवी. मूळ क्लिपा आणि कंगव्यासारखे सेपरेटर फेकून देऊ नका, प्रत्येकाला काम आहे. मॅनिफोल्डजवळच्या टोप्यांवर पत्र्याच्या उष्णतारोधक नळ्या असतील तर त्या जुन्यांवरून काढून नव्यांवर चढवा.

दोन वायरी लांबवर एकमेकींना चिकटून समांतर गेल्या तर एकीतला करंट दुसरीत व्होल्टेज उठवतो. ज्या सिलिंडरांची पाळी लागोपाठ येते आणि जे शेजारीही आहेत, त्यांच्या वायरींत हे महागात पडतं. शेव्हरोलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ ची फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. त्यात ५ नंतर लगेच ७ ची पाळी, आणि दोघे एकाच रांगेत शेजारी. ५ ची ठिणगी ७ मध्ये उमटली तर तिथे मिश्रण पाळीच्या आधीच पेटतं, पिस्टन वर येत असतानाच. ठोके येतात, आणि दुर्लक्ष केलं तर पिस्टनला इजा होते. म्हणून अशा जोडीला वेगवेगळ्या खाचांत ठेवा, आणि एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडू द्या. तुमच्या इंजिनाची ऑर्डर काय आहे ते बघून अशी जोडी आधीच हेरून ठेवा.

आणि नियम मोडून गोंधळ झालाच असेल, तर डिस्ट्रिब्युटरच्या इंजिनात तो असा निस्तरायचा: पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा दाबा, इग्निशन आणि इंधन तोडलेलं असू द्या, आणि क्रँक पान्याने हळूहळू फिरवा. अंगठा बाहेर ढकलला गेला म्हणजे कॉम्प्रेशनचा फेरा चालू आहे. पुलीवरची टायमिंगची खूण जुळेपर्यंत फिरवा. आता कॅप उघडून बघा: रोटर (कॅपखाली फिरणारा, करंट वाटणारा हात) ज्या खांबाकडे बघतोय तो पहिल्या सिलिंडरचा. तिथून रोटरच्या फिरण्याच्या दिशेने फायरिंग ऑर्डर लावत जायची. दिशा आधी पक्की करा. काही इंजिनांत रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो, काहींत उलटा.

इंजिन सुरू केल्यावर आवाज एकसारखा हवा. खोकला, मागून फटाके किंवा थरथर आली तर लगेच बंद करा. दोन वायरी अदलाबदल झाल्यात. सगळं ठीक वाटलं तरी एकदा भार देऊन, चढावर चालवून बघा.

गाडीत काय ठेवायचं

अख्खा सेट बाळगायची गरज नाही. डिस्ट्रिब्युटर किंवा कॉइल पॅकच्या इंजिनासाठी सगळ्यात लांब प्लगवायर घ्या. लांब वायर कुठल्याही सिलिंडरला पुरते, आखूड पुरत नाही. टोप्यांचे कोन दोन प्रकारचे असतील तर प्रत्येक प्रकारातली सगळ्यात लांब. डिस्ट्रिब्युटर असेल तर कॉइल वायर, कॅप आणि रोटरही. जवळ कॉइल असलेल्या इंजिनाला आखूड वायरी दोन पुरतात, शक्य असल्यास एक कॉइलही.

सेट वेळेत बदलला असेल तर जुन्यातल्या वायरी स्पेअर म्हणून चालतात, पण मीटर आणि फवारा या दोन्ही परीक्षा पास झालेल्याच. नवी असो की जुनी, स्पेअर वायर घरीच एकदा इंजिनावर चढवून, इंजिन चालवून बघा आणि मग पिशवीत टाका. न बघितलेली वायर पिशवीत असून नसल्यासारखी.

ठेवताना घडी घालायची नाही. कार्बनचा कोअर कडक घडीत तुटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. ताटाएवढं मोकळं वेटोळं करा, बंद पिशवीत घाला, वर सिलिंडर क्रमांक आणि लांबी लिहा. बॅटरी, तेलाचे डबे आणि ऊन यांपासून लांब, अवजारांच्या खाली न दबेल असं ठेवा. सोबत फट लावून ठेवलेले एक-दोन प्लग (फटीला धक्का लागू नये म्हणून मूळ खोक्यातच), प्लगचा सॉकेट आणि एक्स्टेंशन, टोपीची पक्कड, ग्रीसची छोटी ट्यूब, चामड्याचे हातमोजे, डोक्याला लावायची टॉर्च, झिप टाय आणि स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप. नेहमीची काळी इन्सुलेशन टेप या व्होल्टेजला आणि उष्णतेला टिकत नाही. फायरिंग ऑर्डर आणि कॅपचं चित्र कागदावर काढून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असते.

रस्त्यात वायर गेली तर

गाडी रहदारीपासून पूर्ण बाजूला, हॅझर्ड दिवे चालू, मागे त्रिकोण, हँडब्रेक आणि चाकाला ठोकळ्याची अडण. इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबा. मॅनिफोल्ड त्याहून जास्त वेळ भाजतं, म्हणून हातमोजे घाला. आधी सगळी टोकं दाबून बघा, कदाचित एखादं नुसतंच सुटलेलं असेल. मग जळल्याची खूण शोधा: वितळलेलं रबर, पांढरट राख, मॅनिफोल्डला टेकलेला भाग. बदललेली लांब स्पेअर वायर जास्त झाली तर उरलेली लांबी मोकळ्या वळणाने गरम भागापासून दूर बांधा. घट्ट वेटोळं करून नको.

स्पेअर नसेल आणि वायर एकाच जागी फुटत असेल तर तो भाग कोरडा पुसून सिलिकॉन टेप ताणून तीन-चार थर गुंडाळा आणि वायर धातूपासून बोटभर दूर बांधून ठेवा. कॉइल वायर गेली आणि दोन्ही टोकं जुळत असतील तर एका प्लगची वायर तिथे लावता येते: इंजिन एक सिलिंडर कमी घेऊन का होईना, चालतं. पण मग त्या मेलेल्या सिलिंडरचं इंधन तोडा. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असेल तर इंजिन बंद असताना त्याचा कनेक्टर काढून ठेवा, गॅसचा असेल तर गॅसच्या इंजेक्टरचाही. कार्ब्युरेटरच्या इंजिनात ही सोय नसते. तिथे कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली उतरून ऑइल पातळ करतं. म्हणून जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंतच जा आणि तिथे ऑइलही बदलून घ्या.

अधू वायरीने गाडी न्यायचीच असेल तर ॲक्सिलरेटर अलगद वापरा आणि चढावर आधीच खालचा गिअर टाका. पाय खाली दाबून वरच्या गिअरमध्ये इंजिन रेटलं की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि तीच चीर पुन्हा फुटते. खालच्या गिअरमध्ये, अर्ध्याहून कमी ॲक्सिलरेटरवर तीच वायर बरंच अंतर काढून देते.